थोरलीचा दगड

थोरलीला कुणी विचारलं असतं, की बाई, तुझं नेमकं दुखतंय कुठे, तर तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की मला बाबांच्या विश्वासाची काळजी वाटते. ते अगदीच खोटं होतं अशातला भाग नाही. पण विश्वासाच्या काळजीनं माणूस प्रार्थना करतो. बहिणीचा चहा मुद्दाम बिनसाखरेचा करत नाही. थोरलीनं तो केला होता, आणि धाकटी तो पिऊन ‘ताई, मस्त झालाय’ म्हणाली तेव्हा तिच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला होता. तेव्हा उगीच आडपडदा कशाला? थोरलीला धाकटीचा मत्सर वाटत होता. पन्नाशीला टेकलेल्या, कामात नाव असलेल्या, बरा नवरा मिळालेल्या बाईला मत्सर, आणि तोही कशापायी, तर दगडांपायी.

बाबा म्हणजे निवृत्त पाळक. चर्चमध्ये उभं राहून त्यांनी हयातभर एकच गोष्ट तळमळीनं सांगितली, की शास्त्रात लिहिलंय ते अक्षरन्‌अक्षर खरं. देवानं सहा दिवसांत जग केलं म्हणजे सहाच दिवसांत केलं, आणि दिवस म्हणजे सकाळ-संध्याकाळ असलेला आपला साधा दिवस. ‘त्याचा अर्थ तसा नव्हे, असा’ वगैरे मखलाशी त्यांना खपायची नाही. आवाज असा, की मागच्या बाकावर डुलक्या काढणारा दचकून सरळ बसावा. मग डोळ्यांनी दगा दिला. आधी अक्षरं गेली, मग चेहरे गेले, आता उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं. आई तर कधीचीच गेलेली. बाबा थोरलीकडे राहायला आले आणि कुणी काही न ठरवता एक नेम पडून गेला. थोरली संध्याकाळी कामावरून आली, हातपाय धुतले, चहा झाला, की खिडकीपाशी बाबांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढायची आणि त्यांना शास्त्र वाचून दाखवायची.

तो वेळ थोरलीचा होता. त्यात वाटेकरी नव्हता. जन्मात तिच्या वाट्याला असं सबंध काही आलंच नव्हतं हो. धाकटी म्हणजे शेंडेफळ. तिला बाबा चिमणी म्हणायचे, ठकी म्हणायचे, उलट बोलली तर कौतुकानं ‘आमच्या वकीलबाई’ म्हणायचे. थोरलीला नुसतं ‘अगं’. अगं दार लाव, अगं बहिणीला सांभाळ, अगं तू मोठी ना. पुढे धाकटी कॉलेजात दगडमातीचं शास्त्र शिकायला लागली आणि एक दिवस भरल्या ताटावर बाबांना म्हणाली, की जग सहा दिवसांत झालेलं नाही, आणि मी इथून पुढे चर्चला यायची नाही. त्यानंतर घरात जे झालं त्याला भांडण म्हणणंही कमीच. धाकटी घर सोडून गेली आणि बाबांनी तिचं नाव टाकलं. थोरलीनं त्या वेळी सगळ्यांदेखत डोळे पुसले होते, पण खरं सांगायचं तर त्या वर्षांत तिला जेवढं गोड जेवण लागलं तेवढं आधी कधी लागलं नव्हतं.

बाबांचे डोळे गेल्याचं धाकटीच्या कानावर गेलं आणि ती आली. तोवर ती एका मोठ्या संग्रहालयात कामाला लागलेली. लोक फोटो काढत हिंडतात त्या दालनांत नव्हे, मागच्या अंगाला एका धुळकट खोलीत. खडकात दबून स्वतःच दगड झालेली हाडं, शिंपले, मासे, असलं काय काय ती तिथे खडकातून सोडवत बसायची. एक सुई, एक ब्रश, एक भिंग आणि डोंगराएवढी सबुरी. आंधळ्या बापाच्या भेटीला काय न्यावं ते तिला सुचेना. शेवटी तिनं खणात पडलेले दोन जास्तीचे दगड एका पायमोज्यात घातले आणि जिना चढून दारात उभी राहिली. इतक्या वर्षांनी दिसलेल्या बहिणीला थोरली आधी काय म्हणाली असेल, तर चपला बाहेर काढ.

बाबा तिच्याशी बोलले नाहीत. मग तिनं त्यांचा हात ओढून घेतला आणि तळहातावर एक दगड ठेवला. बाबांची बोटं आधी आखडली, मग हळूहळू हलायला लागली. बारीक रेघा, गोलवा, कडेची धार. बराच वेळ चाचपून ते म्हणाले, शिंपला आहे. धाकटी म्हणाली, हो, पण सापडला उंच डोंगरावर. बाबांच्या चेहऱ्यावर जुनी चमक आली. प्रलयाच्या पाण्यानं नेला असेल वर, ते म्हणाले, शास्त्रात आहेच ते. थोरलीला बरं वाटलं. आता धाकटी वाद घालणार, बाबा भडकणार, आणि मोज्यासकट तिची बोळवण होणार, अशी तिनं मनोमन खूणगाठ बांधली.

पण धाकटीनं वाद घातलाच नाही. तिनं दुसरा दगड बाबांच्या दुसऱ्या हातात दिला. म्हणाली, “हा त्याच डोंगराच्या खालच्या थरातला. पाण्यानं सगळं ढवळून वर नेलं असतं तर हे एकमेकांत मिसळलेले सापडले असते. ते कधीच मिसळलेले सापडत नाहीत, बाबा. जगात कुठेही खणा. खालच्या थरातले खाली, वरच्यातले वर. आणि माणूस तर सगळ्यांत वरच्या थरात, अगदी पापुद्र्याएवढ्या.”

बाबा दोन्ही हातांत दोन दगड धरून बसून राहिले. त्या संध्याकाळी वाचन झालं नाही. थोरलीनं पुस्तक उघडून पाहिलं, खाकरून पाहिलं, शेवटी मिटून कपाटात ठेवलं.

तिथून जे सुरू झालं ते थांबायचं नाव घेईना. धाकटी आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा यायची, आणि नेमकी वाचनाच्या वेळेला, कारण तिचीही सुट्टी तेव्हाच व्हायची. कधी माशाच्या खवल्यांचा ठसा, कधी पानाची शीर, कधी कुठल्याशा सरपटणाऱ्या प्राण्याचं बोटभर हाड. बाबा दुपारपासून खुर्चीत सरसावून बसायचे आणि जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की ‘चिमणी का गं?’ विचारायचे. थोरली कामावरून दमून जिना चढून यायची आणि आतून हे ऐकायची. ‘नाही, मीच’ म्हणत पिशवी खाली ठेवायची. एका लेकीला स्वतःच्या घरात ‘मीच’ म्हणावं लागणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं.

आणि वाचताना? वाचताना बाबा पेंगायचे. पूर्वीही पेंगायचे, पण पूर्वी तिला ते मायेचं वाटायचं. आता वाटायला लागलं, की दगड असता तर नसते पेंगले.

थोरलीचा नवरा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अडकलेल्या माणसांना धीर देऊन त्याचा स्वभाव थंड झालेला. बायकोनं त्याच्यापाशी धाकटीचा पाढा वाचला, की ती बाबांना नास्तिक करून सोडणार, म्हाताऱ्या माणसाच्या जन्माची पुंजी लुटणार, तेव्हा त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “अगं, तुला देवाची काळजी आहे, की त्या खुर्चीशेजारच्या स्टुलाची?” थोरली त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. खोट्या आरोपाचा राग एवढा टिकत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

तरीही हे सगळं तिनं गिळलं असतं. पण चर्चच्या मुलांचं प्रदर्शन जवळ आलं. रविवारच्या शाळेतल्या मुलांना थोरली शिकवायची, आणि दरवर्षी चर्चच्या सभागृहात ती सृष्टीच्या सहा दिवसांची सहा मोठाली चित्रं मांडायची. उजेडाचा दिवस, पाण्याचा दिवस, झाडांचा, असं करत करत माणसापर्यंत. सुरुवात बाबा करायचे. डोळे गेल्यावरही करायचे. सगळ्या मुलांना खाली बसवून ते आपल्या त्या आवाजात सहा दिवस सांगायचे आणि पोरं तोंडं उघडी टाकून ऐकायची. शेवटी म्हणायचे, ही सगळी मांडामांड आमच्या थोरलीची. वर्षातून एकदा, चारचौघांत, ‘आमच्या थोरलीची’. त्या दोन शब्दांवर ती वर्ष काढायची.

यंदा बाबा म्हणाले, मला जमणार नाही.

थोरलीला वाटलं, तब्येत. तिनं कपाळाला हात लावून पाहिला. बाबांनी तो बाजूला केला. म्हणाले, “सहा दिवस मी आजवर ठासून सांगितले, कारण माझ्या मनात किंतु नव्हता. आता आहे. देवाबद्दल नाही, तो आहेच. पण त्यानं केलं कसं, किती काळात केलं, हे मुलांसमोर ठासून सांगायला माझी जीभ उचलणार नाही. मला उमगेपर्यंत गप्प बसू दे.”

म्हणजे शास्त्र खोटं, असं थोरली म्हणाली. बाबा म्हणाले, मी तसं म्हटलेलं नाही. त्यांचा आवाज इतका मवाळ होता, की तिला वाटलं यापेक्षा ओरडले असते तर बरं. ती स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. मेलीनं आवाजही नेला, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. बाबांचा वेळ नेला, पाऊल ओळखणं नेलं, आणि आता माझे दोन शब्दही नेले. सृष्टी सहा दिवसांत झाली की कसं, हा प्रश्न त्या मोरीपाशी तरी तिच्या खिजगणतीत नव्हता.

आता थोरलीच्या कामाबद्दल सांगायला हवं. ती दातांच्या कवळ्या बनवायची. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे तिची लॅब होती: मेण, प्लास्टर, साचे, घासायची यंत्रं, आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांचे जबडे. तिच्या हाताला तोड नव्हती. बाकीचे लोक सरळ, पांढरेशुभ्र, एकसारखे दात बसवतात आणि माणूस हसला की कवळी हसते. थोरली तसं करायची नाही. ती माणसाचा जुना फोटो मागवायची, त्याचा कुठला दात पुढे होता, कुठे फट होती ते बघायची, आणि तेवढं वाकडेपण कवळीत मुद्दाम ठेवायची. त्यामुळे म्हातारी माणसं आरशात बघून म्हणायची, अरे, हा तर मीच.

त्याच टेबलावर तिच्या मनात ते आलं. आलं म्हणजे एकदम नाही आलं, भाजीवर झाकण ठेवून विसरावं आणि वास सुटल्यावर आठवावं तसं आलं. धाकटी म्हणते ना, मिसळलेले कधीच सापडत नाहीत? आणि माणूस सगळ्यांत वर? मग सापडला तर? तो खालच्या थरातला शिंपला आणि त्याच दगडात, त्याला खेटून, माणसाचा जबडा. एक सापडला तरी पुरे. धाकटीची बोलती बंद. तिनं मनाची समजूतही घालून घेतली, आणि ती मोठी पटण्यासारखी होती: शास्त्रात आहे म्हणजे खरं आहेच, पुरावा तेवढा अजून मिळालेला नाही. मिळाला असता तर जसा असता तसा आपण केला, यात वाईट काय? सत्याला हातभारच की. अशी समजूत घालताना माणसाला घाम का फुटतो, याचा तिनं विचार केला नाही.

धाकटी खालच्या थरातला एक शिंपल्याचा दगड घरी विसरून गेली होती, तो थोरलीनं पर्समधून लॅबमध्ये नेला. यंत्रानं त्यात खळगा कोरला. त्याच दगडाची पूड प्लास्टरमध्ये कालवली, खालच्या जबड्याचा पुढचा तुकडा हातानंच घडवला, साचा न वापरता, कारण साच्यातलं लगेच ओळखू येतं. पुढचे चारपाच दात, एक अर्धा तुटलेला. कडा झिजवल्या, चहाच्या पाण्यात रंगवला, वाळवला, पुन्हा रंगवला. काम संपलं तेव्हा तिनं ते भिंगाखाली धरलं आणि आपल्याच हातावर खूश झाली. एवढं खरं तिनं आजवर काही केलं नव्हतं.

पुढच्या भेटीला धाकटी आली, मोजा बाहेर काढणार तेवढ्यात थोरली म्हणाली, थांब, आज माझ्याकडे आहे. तिनं घोकून ठेवलेली गोष्ट सांगितली. दवाखान्यात एक खाणकामगार आला होता, त्याला खोल खाणीत हे मिळालं, मी मुलांना शास्त्र शिकवते म्हणून त्यानं मला दिलं. आवाज जरा कापला, पण तो आनंदानंही कापतो. तिनं दगड बाबांच्या हातात ठेवला.

“शिंपला ओळखीचा आहे,” बाबा म्हणाले.

“आणि त्याच्या शेजारी बघा, बाबा,” थोरली म्हणाली. “दात आहेत. माणसाचे.”

धाकटी उठून उभी राहिली. तिचा चेहरा पार उतरला आणि थोरलीनं तो डोळे भरून पाहिला. काय सांगू, इतक्या वर्षांचं सगळं देणंघेणं त्या क्षणी फिटलं. धाकटी अडखळत विचारायला लागली, कुठली खाण, किती खोल, खडक कसल्या रंगाचा. मग म्हणाली, “ताई, मी आत्ता हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. भिंगाखाली बघावं लागेल. पण हे खरं ठरलं, तर मी जे शिकले ते चुकलं असं मला म्हणावं लागेल. आणि मी म्हणेन. बाबा, द्या इकडे.” तिनं हात पुढे केला.

बाबांची बोटं दातांवर थांबली होती. एका दातावर. ते बोट पुढे जाईना, मागे येईना. थोरलीला वाटलं, बाबा हेलावलेत. तिनं तर प्रदर्शनात दगड कुठे मांडायचा तेही ठरवून टाकलं, सहाव्या चित्राच्या खाली, काचेच्या पेटीत.

“आज नको,” बाबा धाकटीला म्हणाले आणि दगड मुठीत मिटला. “आज माझ्याकडे राहू दे. तू जा आता, चिमणे.”

त्यांनी असं कधी तिला लवकर वाटेला लावलं नव्हतं. धाकटी मुकाट्यानं निघाली. थोरली दारापर्यंत गेली, अगदी हसून गेली, आणि दार लावून वळली ती तरंगतच. तिनं कपाटातलं पुस्तक काढलं, स्टूल ओढलं. किती दिवसांनी ते स्टूल तिचं होतं.

बाबांनी दगड मांडीवर ठेवला. मग तोंडात बोट घालून खालची कवळी काढली आणि दगडाशेजारी ठेवली. तोंड बोळकं झालं आणि चेहरा एकदम दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला.

“अगं, हात दे.”

तिनं दिला. त्यांनी तिची तर्जनी धरून दगडातल्या दातांवर फिरवली आणि एका दातावर टेकवली. तो दात जरा आत वळलेला होता, दारामागे लपून बघणाऱ्या पोरासारखा. मग तेच बोट कवळीवर ठेवलं. तोच दात, त्याच जागी, तेवढाच वळलेला. बाबांची कवळी थोरलीनंच केली होती आणि त्यांचा तरुणपणीचा फोटो बघून तो वाकडेपणा हौसेनं राखला होता. आणि आता कुणाचाच नसलेला जबडा करायला बसली, तर हातांनी आपल्या मनानं तिच्या बापाचा करून ठेवला. साचा वापरला असता तर वाचली असती.

“सकाळी उठल्यावर कवळीची पुढची बाजू मी याच दातावरून ओळखतो,” बाबा म्हणाले. दातांशिवाय त्यांचे शब्द पोकळ येत होते. “हा दात मला सांगतो, मी कोण.”

 थोरली काहीबाही बोलायला लागली, मी देवासाठी केलं, शास्त्रासाठी केलं. बाबांनी विचारलं, त्यानं मागितलं होतं का तुझ्याकडे?  मग जे इतके दिवस धर्माच्या पदराखाली झाकलं होतं ते भडभडून बाहेर आलं. “ती सोडून गेली होती, बाबा. मी होते. तुमची औषधं, तुमचे कपडे, तुमचं वाचन, सगळ्याला मी होते. आणि तुम्ही पाऊल वाजलं की तिचं नाव घेता. मला तिचा हेवा वाटतो. जळते मी. झालं?”

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “म्हणून तर दगड तिच्या हाती दिला नाही. तुझी लाज माझ्या खिशात राहील, बाहेर जायची नाही. माझी लेक आहेस तू.”

एवढ्यावर थांबले असते तर काय हवं होतं. तिनं आयुष्यभर ऐकायची वाट पाहिली ते शब्द तिला मिळाले होते. पण बाबांनी कवळी पुसून पुन्हा तोंडात बसवली आणि आवाज आपल्या जागी आला.

“तिच्या दगडांनी माझी झोप उडवली. माझ्या बोलण्याची घडी विसकटून टाकली. पण त्यांतला एकही दगड माझ्याशी खोटं बोलला नाही. आणि तू शास्त्र हातात घेऊन खोटं बोललीस. मी आंधळा आहे गं. तू वाचतेस तेवढंच माझं शास्त्र. उद्या एखादी ओळ मला वेगळी वाटली, तर मी कुणाला विचारू?”

“एक अक्षर कधी बदललं नाही मी, बाबा. शपथ.”

“नसशीलच. पण कालपर्यंत मला ते माहीत होतं. आता नुसतं मानावं लागेल.” त्यांनी हात पुढे करून तिच्या मांडीवरचं पुस्तक चाचपलं आणि हलकेच मिटलं. “पुढच्या खेपेपासून चिमणी वाचेल.”

तिचा तर यातल्या एकाही शब्दावर विश्वास नाही, थोरली म्हणाली.

“म्हणूनच. तिला त्यात काही राखायचं नाही. लिहिलंय तेवढं वाचेल.”

प्रदर्शन झालं. सहा चित्रं लागली. सहा दिवस सांगायला नवीन पाळक आले, बरे बोलले. बाबा मागच्या बाकावर बसले होते आणि मांडामांड कुणाची हे कुणी सांगितलं नाही.

धाकटी पुढच्या खेपेला आली ती दगडाची चौकशी करतच. बाबा म्हणाले, तो खरा नव्हता. कुणी केला, हे तिनं विचारायला तोंड उघडलं, बहिणीकडे पाहिलं, आणि मिटलं. मग उठून तिनं थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या त्या हातात ना टोमणा, ना विजय, नुसती माया होती, आणि थोरलीला तीच सोसवेना. बोलली असती तर उलट बोलता आलं असतं. आता हिच्या मोठ्या मनाचाही हेवा करायचा का, असं तिच्या मनात आलं, आणि हो, तिनं तोही केला.

मग बाबांनी धाकटीला पुस्तक दिलं. मी? असं धाकटीनं विचारलं. हो, तू, पहिल्यापासून, बाबा म्हणाले, ताईला जरा विसावा दे. धाकटी स्टुलावर बसली. थोरली स्वयंपाकघरात गेली आणि चुलीपाशी उगीचच उभी राहिली. चहात तिनं साखर घातली, नीट मोजून.

धाकटी वाईट वाचायची. कुठे थांबावं ते तिला कळत नव्हतं, ओळी मोडत होत्या, जिथे आवाज चढायला हवा तिथे पडत होता. पण बाबा पेंगत नव्हते. मान किंचित कलती करून ते शब्दन्‌शब्द ऐकत होते, दगडावरून बोट फिरवताना चेहरा व्हायचा तसा चेहरा करून. पहिला दिवस झाला, दुसरा झाला, तिसऱ्या दिवसाच्या मधोमध पान उलटताना धाकटी थांबली. त्या पुस्तकाची पानं कांद्याच्या सालीएवढी पातळ. दोन पानं एकमेकांना चिकटली होती आणि तिला ती सुटेनात. ‘थांबा हं बाबा,’ म्हणत ती नखानं कोपरा सोडवायला लागली. दगडातून माशाचं हाड सोडवणारी बाई, पण फाटेल म्हणून घाबरत होती.

थोरलीला पुढची ओळ पाठ होती. सगळंच पाठ होतं. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, तोंडातून निघूनच गेली ती ओळ, जिथे जेवढं थांबावं तिथे तेवढी थांबत, स्पष्ट, बाबांना आवडायची तशी.



“चिमणे,” बाबा म्हणाले, “पान सुटलं का? बघ बरं, तसंच लिहिलंय का.”

धाकटीनं पान सोडवलं. बोट ठेवून ओळ शोधली, मनातल्या मनात वाचली. थोरली हातात कप घेऊन दारात उभी होती.

“हो, बाबा,” धाकटी म्हणाली. “तसंच आहे.”

“बरं,” बाबा म्हणाले. “तू वाच पुढे.”